आकडा घसरला, पण नक्की काय घसरलं?

माझं संशोधन कशावर आहे असं कुणी विचारलं की मी हल्ली एकाच वाक्यात सांगते: दुसऱ्याच्या ताब्यात असलेलं सॉफ्टवेअर गुपचूप बदललं, तर ते बाहेर बसून आपल्याला कसं कळणार? समोरचा बहुतेक वेळा म्हणतो, "त्यात काय, बिघडलं की कळतंच की." आज एक निबंध तुमच्यासमोर उलगडून ठेवते. मग कळतं की नाही ते तुम्हीच ठरवा.

थोडी पार्श्वभूमी. पूर्वी सॉफ्टवेअर विकत घेतलं की ते आपल्या मशीनवर असायचं. अपडेट करायचं की नाही, हे आपण ठरवायचो. आता बरंचसं काम भाड्याच्या सेवेवर चालतं. आपला प्रोग्राम इंटरनेटवरून कुठेतरी दूर प्रश्न पाठवतो आणि तिथून उत्तर येतं. मध्ये काय आहे ते आपल्याला दिसत नाही. काल जे यंत्र उत्तर देत होतं तेच आज देतंय का, याचीही खात्री नाही. पत्ता तोच, बिल तेच, आतलं मात्र बदललेलं असू शकतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात चॅटजीपीटी वापरणाऱ्या बऱ्याच लोकांची तक्रार सुरू झाली की जीपीटी-४ 'मठ्ठ' झालंय. ओपनएआयचे पीटर वेलिंडर यांनी त्यावर जाहीरपणे सांगितलं की तसं काही नाही, उलट प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा हुशार आहे. त्यांचा अंदाज असा होता की माणूस एखादी गोष्ट जास्त वापरायला लागला की आधी न दिसलेले दोष दिसायला लागतात. हे पटण्यासारखंही आहे आणि सोयीचंही! त्याच महिन्यात, १८ जुलैच्या सुमाराला, स्टॅनफर्डचे लिंगजियाओ चेन व जेम्स झू आणि बर्कलीचे मातेई झहारिया यांचा निबंध आला. मराठीत त्याचं शीर्षक साधारण असं होईल: 'चॅटजीपीटीचं वर्तन काळानुसार कसं बदलतंय?' त्यांनी जीपीटी-३.५ आणि जीपीटी-४ या दोघांच्या मार्चच्या आणि जूनच्या आवृत्त्यांना तेच प्रश्न विचारून उत्तरांची तुलना केली.

गाजला तो एक आकडा. दिलेली संख्या मूळ आहे का, या प्रश्नावर जीपीटी-४ ची अचूकता मार्चमध्ये ९७.६ टक्के होती, जूनमध्ये २.४ टक्के. तीन महिन्यांत जवळजवळ शंभरावरून जवळजवळ शून्यावर. मग काय, बातम्यांचा पाऊस. लोकांना वाटत होतं ते सिद्ध झालं, असं सगळ्यांनी धरून चाललं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचताना मीही.

आता जरा थांबून त्या प्रश्नपत्रिकेकडे बघा. ५०० संख्या होत्या आणि पाचशेच्या पाचशे मूळ संख्या होत्या. निबंधातलं उदाहरण १७०७७ चं आहे, तीही मूळ संख्याच. म्हणजे 'चूक की बरोबर' प्रकारची अशी प्रश्नपत्रिका, जिच्यात प्रत्येक विधान बरोबर आहे. ज्या मुलाने पुस्तक उघडलेलंच नाही, पण सगळीकडे 'बरोबर' लिहून ठेवलं, तो पहिला येणार. आणि जो शंका घेऊन सगळीकडे 'चूक' लिहील, त्याला भोपळा. दोघांच्या अभ्यासात काडीचा फरक नाही, सवयीत आहे.

प्रिन्स्टनच्या अरविंद नारायणन आणि सयाश कपूर यांनी लगेच हेच तपासलं. त्यांनी संयुक्त संख्याही विचारून पाहिल्या. त्यांना दिसलं ते असं की मार्चची आवृत्ती जवळजवळ प्रत्येक संख्येला मूळ म्हणते आणि जूनची जवळजवळ प्रत्येकीला संयुक्त. त्यांचं म्हणणं, संख्या तपासून बघणं दोन्ही आवृत्त्यांना जमत नव्हतं. एकीचा अंदाज एका बाजूला झुकलेला, दुसरीचा दुसऱ्या बाजूला.

इथे माझी एक तक्रार आहे, जी त्या गदारोळात फारशी कुणी केलेली मला दिसली नाही. याच तीन लेखकांनी, आणखी एकाला सोबत घेऊन, २०२१ मध्ये एक निबंध लिहिला होता. विषय हाच: भाड्याची मशीन लर्निंग सेवा बदलली की नाही हे कमी खर्चात कसं ओळखायचं. त्यात त्यांनी आग्रहाने सांगितलं होतं की नुसती एकूण अचूकता बघू नका, पूर्ण तक्ता बघा. 'हो' असताना किती वेळा 'हो' म्हटलं, 'हो' असताना 'नाही', 'नाही' असताना 'हो', 'नाही' असताना 'नाही'. चार घरांचा तक्ता. ही शिस्त मूळ संख्यांच्या प्रयोगाला लावली असती तर चारातली दोन घरं रिकामी आहेत, हे पहिल्याच संध्याकाळी दिसलं असतं. दोन वर्षांपूर्वी स्वतः घडवलेलं हत्यार घरी विसरून लढाईला जाण्यासारखं झालं हे.

पण टीकाकारांचीही बाजू शंभर टक्के टिकत नाही. लेखकांनी नंतर निबंध सुधारला, निम्म्या मूळ आणि निम्म्या संयुक्त अशा १००० संख्या घेतल्या. नवे आकडे: मार्च ८४ टक्के, जून ५१ टक्के. निम्म्यानिम्म्या प्रश्नपत्रिकेत ५१ म्हणजे नाणं उडवून उत्तर देणं. पण ८४ म्हणजे नाणं उडवणं नाही. जो सगळ्यांना 'मूळ' म्हणतो त्याला इथे ५० च मिळायला हवेत. म्हणजे मार्चची आवृत्ती निदान या प्रश्नपत्रिकेवर काहीतरी खरं काम करत होती. लेखकांचं स्पष्टीकरण असं की 'पायरी पायरीने विचार कर' ही सूचना मार्चची आवृत्ती पाळायची, जूनची ती पाळण्याऐवजी थेट उत्तर द्यायला लागली, आणि घसरणीचा काही भाग त्यामुळे आहे. म्हणजे घसरण होती, पण बातम्यांत आली होती तेवढी नाही आणि त्या कारणाने तर नाहीच. सुधारलेला निबंध २०२४ मध्ये हार्वर्ड डेटा सायन्स रिव्ह्यूमध्ये छापून आला. त्याची बातमी कितीजणांनी वाचली असेल?

दुसरा प्रयोग मला जास्त जवळचा आहे. लीटकोड या संकेतस्थळावरचे ५० सोपे प्रश्न देऊन कोड लिहायला सांगितला. आलेलं उत्तर हात न लावता जसंच्या तसं तिथल्या तपासणी यंत्रणेला दिलं. जीपीटी-४ चं 'जसंच्या तसं चालणाऱ्या' उत्तरांचं प्रमाण मार्चमध्ये ५२ टक्के, जूनमध्ये १० टक्के. भयंकर वाटतं ना? कारण काय तर जूनची आवृत्ती कोडच्या आधी आणि नंतर बॅकटिकची तीन तीन बारकी चिन्हं घालायला लागली होती. चॅटच्या खिडकीत त्या चिन्हांमुळे कोड वेगळ्या चौकटीत छान दिसतो. पण तपासणी यंत्रणेला ती चिन्हं म्हणजे व्याकरणाची चूक. चिन्हं काढून पुन्हा तपासलं तेव्हा जूनचा आकडा ७० टक्क्यांवर गेला, म्हणजे मार्चपेक्षा वर! कोड सुधारला होता आणि आलेख सांगत होता की कोसळला.

हसू नका. मी हसले होते आणि चारच महिन्यांत माझ्यावर तीच वेळ आली.

माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी मी मराठीत लिहिलेल्या नागरी तक्रारी एका बाहेरच्या सेवेकडे पाठवते. रस्ते, पाणी, दिवाबत्ती वगैरे अकरा प्रकारांपैकी एक प्रकार ती सेवा प्रत्येक तक्रारीला लावून देते. त्यातल्या एका प्रकाराचं नाव 'कचऱ्याची तक्रार'. एका सोमवारी बघते तर त्या प्रकारात शून्य. पुढच्या आठवड्यातही शून्य. शहर अचानक इतकं स्वच्छ झालं असेल यावर विश्वास बसणं कठीण होतं. मी माझ्या गाईड मॅडमना उत्साहाने मेल टाकली, "मॅडम, सेवा बिघडल्याचा पुरावा सापडला!" मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं, "तू मूळ उत्तरं उघडून बघितलीस का?"

नव्हती बघितली. उघडली तर प्रत्येक ठिकाणी 'कचऱ्याची तक्रार' असं व्यवस्थित लिहिलेलं. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखंच. पण संगणकात 'ऱ्या' दोन प्रकारे साठवता येतो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग 'य'. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त, त्यानंतर पडद्यावर न दिसणारा एक जोडक, मग 'य'. दिसायला दोन्हीकडे तोच आडवा रफार. युनिकोडची नेहमीची एकसारखं करण्याची प्रक्रिया चालवली तरी हे दोन एक होत नाहीत, कारण तो जोडक जागचा हलत नाही. सेवेने पहिली पद्धत सोडून दुसरी धरली होती, माझा प्रोग्राम पहिलीचीच वाट बघत बसला होता. मराठीवाल्यांचा लाडका 'ऱ्य' असा अंगाशी आला. इंग्रजी शब्दांवर प्रयोग करणाऱ्या कुणालाही हा खड्डा लागला नसता.

तर मग सेवेची गुणवत्ता घसरली होती का? वाचणाऱ्या माणसासाठी अजिबात नाही. माझ्या प्रोग्रामसाठी पूर्णपणे.

इथेच माझं नारायणन आणि कपूर यांच्याशीही थोडं वाजतं. त्यांचा मुख्य मुद्दा असा की क्षमता वेगळी आणि वर्तन वेगळं, आणि निबंधाने वर्तनातला बदल दाखवलाय, क्षमतेतली घट नाही. फरक महत्त्वाचा आहे, मान्य. लेखकांनीही शीर्षकात 'वर्तन' असाच शब्द वापरलाय, घट हा अर्थ बराचसा बातम्यांनी लावला. पण हा फरक सेवा चालवणाऱ्याच्या हातात पडला की त्याची ढाल होते. "आमचं यंत्र तितकंच हुशार आहे, फक्त बोलायची पद्धत बदलली." अहो, मी पैसे देऊन जे घेते ते वर्तनच आहे. आतली हुशारी माझ्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही, पोचतात ती अक्षरं. त्या दोघांनीही हे नाकारलेलं नाही, वर्तन बदललं तर वापरणाऱ्याला त्रास होतो असं ते म्हणतातच. माझी तक्रार एवढीच की तो मुद्दा दुय्यम वाटावा अशा जागी येतो. बाहेरून भाड्याने घेतलेल्या सेवेत तोच पहिला हवा.

आता निबंधातलं माझ्या मते सर्वात मोठं छिद्र. त्याची चर्चा मूळ संख्यांच्या गोंधळात राहूनच गेली. लेखकांनी तुलना केली ती दोन नावं दिलेल्या, तारखा लावलेल्या आवृत्त्यांची. कंपनीनेच सांगितलं होतं की ही मार्चची आणि ही जूनची. म्हणजे बदल झालाय हे आधीच माहीत, प्रश्न फक्त 'किती आणि कुठे' एवढाच. लोकांची तक्रार मात्र वेगळी होती: कुणी न सांगता, दोन तारखांच्या मधल्या कुठल्यातरी मंगळवारी काहीतरी बदललं. दोन बिंदूंवरून हे कळत नाही. मुलाचा पहिलीतला आणि दहावीतला फोटो बघून तो कुठल्या वर्षी उंच झाला हे सांगता येईल का? त्यासाठी दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला रेघ मारावी लागते.

अशा रेघा मारण्याचं काम आधी झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलेक्स कुमाउडो आणि सहकाऱ्यांनी चित्रं ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक सेवांना तीच तीच चित्रं ११ महिने पुन्हा पुन्हा दाखवली आणि २०१९ मध्ये लिहिलं की नावं आणि खात्रीचे आकडे बदलत राहतात, आणि वापरणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. या निबंधाची बातमी झाली नाही. त्यात ९७.६ वरून २.४ असं काही नव्हतं ना.

रोज रेघ मारायची म्हटलं की संख्याशास्त्र आडवं येतं. तेच यंत्र, तोच प्रश्न, तरी उत्तर दरवेळी तंतोतंत तेच येईल असं नाही. समजा खरी अचूकता ५० टक्के आहे आणि तुम्ही ५० प्रश्न विचारले. काहीही बदललेलं नसताना, निव्वळ योगायोगाने, आकडा ३६ ते ६४ च्या मध्ये कुठेही पडू शकतो. ५२ वरून १० ही घसरण योगायोगाच्या पलीकडची आहे हे नक्की, पण पाच टक्क्यांची घसरण अशा ५० प्रश्नांत दिसणारच नाही. ती विश्वासाने पकडायची तर दरवेळी दीड हजारावर प्रश्न लागतात. दोन्ही वेळी तेच प्रश्न विचारले आणि ज्यांची उत्तरं पालटली तेवढेच मोजले, तर कमीत भागतं. मी तसंच करते, कारण प्रत्येक प्रश्नाचे पैसे पडतात आणि माझी फेलोशिप काही दर महिन्याला वेळेवर येत नाही.

शिवाय रोज तपासायचं आणि पाच टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीवर घंटा वाजवायची ठरवलं, तर काहीही झालेलं नसताना वर्षात अठराएक वेळा घंटा वाजेल. तिसऱ्या वेळेनंतर तुम्ही ती बंद करून टाकाल. हा प्रश्न कारखान्यांनी फार पूर्वी हाताळलाय. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये नियंत्रण तक्ता मांडला, तर ई. एस. पेजने १९५४ मध्ये बारीक बारीक घसरणी साठवत जाऊन, साठा एका मर्यादेबाहेर गेला की घंटा वाजवायची पद्धत दिली. मी वापरते ती पेजची. सत्तर वर्षं जुनी, आठ-दहा ओळींत लिहून होते, आणि भाड्याच्या हुशार यंत्रांबद्दलच्या गाजलेल्या निबंधात तिचा मागमूस नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, आकडा हलला नाही म्हणजे काही बदललं नाही असंही नसतं. दुधाचा लॅक्टोमीटर माहीत असेल. पाणी घातलं की तो खाली जातो, साय काढली की वर. दोन्ही बेताने केलं की काटा जागच्या जागी आणि दूध मात्र वेगळंच. माझ्या तक्रारींमध्ये एकदा पाण्याच्या तक्रारी चुकीच्या घरात जायला लागल्या आणि त्याच सुमाराला रस्त्यांच्या तक्रारी आधीपेक्षा नीट ओळखल्या जायला लागल्या. एकूण अचूकता तेवढीच. चार घरांचा तक्ता, माझ्या बाबतीत अकरा गुणिले अकरा घरांचा, उघडला तेव्हाच दिसलं.

आणि एक गंमत अशी की सेवा न बदलताही घंटा वाजते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे वाजली. 'गटारं आणि पाणी तुंबणं' या प्रकाराचा वाटा एकदम वाढला होता. मी दोन दिवस सेवेच्या मागे लागले. मग खिडकीबाहेर बघितलं. पाऊस सुरू झाला होता.

तेव्हापासून रोजच्या नव्या तक्रारींसोबत ३०० जुन्या, मी हाताने तपासलेल्या तक्रारीही दर सोमवारी पाठवते. त्या पावसाने बदलत नाहीत. नव्यांचा आकडा हलला आणि जुन्यांचा नाही, तर शहर बदललंय. जुन्यांचाही हलला, तर सेवेकडे बघायचं.

इतकं बोलून झाल्यावर या निबंधाची एक गोष्ट मात्र मनापासून मानते. लेखकांनी यंत्राने दिलेली मूळ उत्तरं, शब्द न शब्द, सगळ्यांसाठी खुली ठेवली. म्हणून एका दिवसात कुणाला प्रश्नपत्रिकेतली चूक सापडली, कुणाला बॅकटिक सापडले, आणि म्हणून लेखकांना सुधारता आलं. जुन्या आवृत्त्या कंपन्या कायम चालू ठेवत नाहीत. त्या बंद झाल्या की उरतात ती फक्त साठवलेली उत्तरं.

माझ्याकडे पहिल्या पाच महिन्यांची ती नाहीत. जागा वाचवायची म्हणून मी फक्त प्रकारवार बेरजा ठेवल्या होत्या. त्या पाच महिन्यांतही दोनदा आकडा घसरलेला दिसतो, एकदा सात टक्क्यांनी, एकदा चार. सेवा घसरली, 'ऱ्या'सारखं काही झालं की नुसता योगायोग, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मॅडम म्हणाल्या, "ते पाच महिने प्रबंधातून काढ." कालच काढले. प्रकरण अठरा पानांनी कमी झालंय.